कातळातले खड्डे

घराच्या वर आमचा कातळ होता. पावसाळ्यात त्यावर निळी-पिवळी फुलं उठायची आणि तिथलंच पाणी झिरपत आमच्या विहिरीत उतरायचं. मला मात्र ती पडीक जागा वाटायची. अठ्ठ्याण्णव साली हापूसची कलमं लावायला मी तिथे सुरुंग लावून खड्डे फोडून घेतले, बाहेरून माती आणून भरली.

फुलं गेली. पाणी सुरुंगाने पडलेल्या भेगांतून भलतीकडे पळालं आणि विहीर मार्चातच तळाला जाऊ लागली. पण लावलेली कलमं मरू कशी द्यायची? घरच्या पाण्यातलं अर्धं त्यांना जाऊ लागलं. बायको काही बोलली की मी तिच्यावरच डाफरायचो, "मग काय तोडून टाकू?"

पाच-सहा वर्षांनी आंबा धरला. वाशीचा दलाल म्हणाला, "कातळावरचा माल गोड आहे, पेट्या वाढवा." पेट्या वाढवायच्या तर खड्डेही वाढवायला हवेत. एप्रिलात मीच सुरुंगवाल्याला पुन्हा बोलावलं. उन्हातून आलेला माणूस पडवीत टेकला. आमच्याकडे आल्यागेल्याला आधी गूळपाणी देतात.

बायकोने गूळ आणून ठेवला. पाणी आणलं नाही.