थोरलीचं हसू

तिला गल्लीत सगळे दातवाली म्हणत. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ती लोकांचे दात घडवायची. पूर्वी तिने घडवलेले दात मजबूत असत, पण मेल्यासारखे पांढरे दिसत. मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नवा प्रकार आणला. शिंपल्याच्या आत पातळ थर एकावर एक बसलेले असतात, म्हणून तडा गेला तरी तो आरपार जात नाही; दातही तसाच थराथरांनी बांधायचा. त्यात उजेड शिरे आणि दात जिवंत वाटे. दातवालीचा त्यावर चांगलाच हात बसला.

एकदा आई बाजारातून आली, ती दारातच थबकली.

"आज थोरली भेटली," ती म्हणाली.

दातवालीची थोरली बहीण वारून कितीतरी वर्षं लोटली होती. "आई, काहीतरीच काय बोलतेस!"

"चेहरा दुसरीचा होता गं. हसू मात्र तिचंच."

दुसऱ्या दिवशी दातवालीने कपाटातले साचे काढून टेबलावर मांडले. नव्या कामांच्या बऱ्याच साच्यांत समोरचा एक दात किंचित वळलेला होता, शेजारच्या दाताला खांदा टेकून उभा असावा तसा. थोरलीचा अगदी असाच होता. असा दात कुणी मागितला नव्हता. तिचा हात आपणहून तसा वळत होता.

आई आता रोज बाजारात जाऊ लागली. घरी कुणाशी बोलेना, जेवणावरची वासना उडाली. शेवटी एक बाई दवाखान्यात आली, तोंडावर पदर धरून.

"एक म्हातारी माझ्या मागे मागे फिरते हो. मी हसले की रडते. मला आता हसायचीच धास्ती वाटते. तुम्ही बसवलेला एवढा दात सरळ करून द्या."

ती म्हातारी कोण, हे दातवालीने सांगितलं नाही. तिने दात नव्याने बांधला. बोटं सारखी त्या वळणाकडे ओढ घेत होती. तिने स्वतःचा खालचा ओठ दातांखाली दाबून धरला आणि बोटांना सरळ रेषेत आणलं. बाई आरशात बघून मनमोकळं हसली. ते हसू कुणाचंच नव्हतं, फक्त तिचं होतं. दातवालीला मात्र पुन्हा एकदा थोरलीची तिरडी उचलल्यासारखं झालं.

संध्याकाळी आई कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आज थोरली बाजारात ओळख न देता गेली," आई म्हणाली. "माझं काय चुकलं गं?"

दातवाली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.