माझा चोर आहे, बाजूला व्हा!

हॅनाताई गेल्याचं त्यांच्या मुलीनं सकाळी फोनवर कळवलं आणि संध्याकाळच्या आत दफनही झालं. बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू लोकांत मृताला ताटकळत ठेवत नाहीत. त्याला महिना उलटून गेला. आता लिहायला बसले, कारण आमच्या वारज्याच्या सोसायटीत त्यांच्याविषयी अजूनही भलतंच बोललं जातंय.

मी बँकेतून निवृत्त झालेली, हॅनाताई शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. रोज सकाळी आम्ही बरोबर फिरायला जायचो. चार-पाच वर्षांपूर्वी एका शनिवारी, मोटारसायकलवरून आलेल्या एका माणसानं त्यांच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं. पुढच्याच वळणावर त्याची गाडी घसरली. लोकांनी त्याला धरलं आणि अक्षरशः तुडवायला लागले. एकानं दगड उचलला होता. मानेला ओरखडे उठलेले, तशाच हॅनाताई गर्दीत घुसल्या आणि त्याच्या अंगावर आडव्या पडल्या.

"मंगळसूत्र माझं, चोर माझा. तुमचं काय गेलंय? बाजूला व्हा!"

"अहो आजी, मेला तर बरंच आहे," दगडवाला म्हणाला.

"मग आधी मला मारा."

त्यानं दगड खाली टाकला... शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून शनिवारी हॅनाताई वाहनात पाऊल टाकत नसत. मी तसं म्हटलंही. "जीव जात असेल तर शब्बाथ मोडायचाच असतो. तोच आमचा धर्म!" म्हणत त्यांनी रिक्षा थांबवली आणि त्याचं रक्ताळलेलं डोकं मांडीवर घेऊन दवाखाना गाठला. माणूस वाचला. संध्याकाळी शब्बाथ संपल्यावर त्यांनी चौकीत जाऊन त्याच्याविरुद्ध रीतसर तक्रारही दिली. "मारू नका म्हटलं होतं, सोडा म्हटलं नव्हतं," मला म्हणाल्या.

सोसायटीत मात्र लोकांनी बोलणं टाकलं. अध्यक्षांनी लिफ्टमध्ये विचारलं, "चोर वाचवून काय मिळवलंत?"

"एक जीव वाचवला त्यानं सारं जग वाचवलं, असं आमच्यात सांगतात. जीव सज्जनाचाच हवा, असं काही मला त्यात सापडलं नाही. आपल्याला सापडलं तर कळवा."

शोकसभेत हेच अध्यक्ष म्हणाले, "बाई फार भोळ्या होत्या." मी उठून उभी राहिले. म्हटलं, "भोळ्या? त्या चोराला नीट ओळखून होत्या. आणि आपल्या सगळ्यांनाही."

घर आवरताना मुलीनं विचारलं, आईची आठवण म्हणून काय हवं? मी त्या दिवशीची सुती साडी मागून घेतली. निऱ्यांवरचा रक्ताचा डाग धुऊन धुऊन तपकिरी झालाय, गेलेला नाही. ताई ती घरात बिनदिक्कत नेसायच्या. परवा मी ती नेसून फिरायला गेले. अध्यक्ष समोरून आले, त्यांची नजर डागावर थबकली.

मी पदर ओढून तो झाकला नाही.