बाईंचा डबा

"कावून?"

बाईंचं बोलणं या शब्दाने सुरू व्हायचं आणि पुष्कळदा इथेच संपायचं. मान जराशी कलती करून, चष्म्यावरून बघत विचारायच्या. मुख्याध्यापक म्हणाले प्रार्थना उशिरा होईल, की "कावून?" कंडक्टर म्हणाला मागच्या गाडीने या, की "कावून?" मी पडलो मराठीचा मास्तर. एकदा न राहवून म्हणालो, "बाई, पुस्तकात 'का' असतं." तर म्हणाल्या, "मला पोरांशी बोलायचं हाय सर, पुस्तकाशी न्हाई." त्यानंतर मी त्या वाटेला गेलो नाही.

बाई आयर्लंडच्या. गेवराई तालुक्यातल्या आमच्या वसतिशाळेत, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेले की ज्यांची मुलं मागे राहतात त्या शाळेत, गणित शिकवायला आल्या होत्या. तुम्ही म्हणाल, गोऱ्या बाई आणि इंग्रजी सोडून गणित? गावही हेच म्हणायचं. शिवाय कुजबुज होतीच, की ही बाटवायला आली असणार. एका पुढाऱ्याने तर तोंडावर विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "माझा देव मलाच सापडंना झालाय. तुमाला कुठून देऊ?" पुढाऱ्याने चहा मागवला.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी पिशवी खांद्याला लावून बाई बाहेर पडत. कधी तलवाड्याच्या डोंगरावर देवीला, कधी बीडला दर्ग्यात, तर कधी तिथल्याच एका लहानशा चर्चमध्ये. सगळीकडे चपला काढून कोपऱ्यात बसायच्या. चर्चमध्येसुद्धा. मी एकदा विचारलं, "बाई, मागता तरी काय?"

"मागत न्हाई. ऐकते. देवानं मला इकडं पाठवलं असं वाटलं होतं. आवाज यायचा तेवा. आता येत न्हाई."

"मग परत जावंसं नाही वाटत?"

"सोमवारी अपूर्णांक शिकवायचे हायत," म्हणाल्या आणि हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

बाईंचं आणखी एक खूळ म्हणजे केक. कूकरची शिट्टी काढायची, तळाशी मीठ पसरायचं आणि त्यावर भांडं ठेवून केक भाजायचा. ज्याचा वाढदिवस त्याला पहिला तुकडा. आमच्या निम्म्या पोरांना आपला वाढदिवस ठाऊक नसतो. बाई खुशाल एखादा दिवस ठरवून टाकायच्या.

सहावीत चकलांब्याकडच्या वस्तीवरची एक मुलगी होती. गणितात हुशार. धाकट्या बहिणीला सांभाळायला कोणी नाही म्हणून आई हिलाही उसाच्या फडावर घेऊन निघाली होती. हे कळताच बाई शनिवारी वस्तीवर जाऊन धडकल्या. "ठेवा तिला. मी हाय ना," म्हणाल्या. आईने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुलीला ठेवलं.

थंडीत मुलीला ताप आला. बाई तिला बीडच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि तिच्या उशाशी बसून राहिल्या. आईबाप कारखान्यावरून येईपर्यंत मुलगी गेली होती.

पुढच्या शनिवारी बाई वस्तीवर जायला निघाल्या, तेव्हा मी सोबत गेलो. त्यांना एकटं पाठवायला माझा जीव होईना. गाडीत वेलचीचा वास आला म्हणून मी पिशवीकडे पाहिलं.

"केक हाय," बाई म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावला. "अहो बाई, दुखवट्याच्या घरी गोड नेत नाहीत!"

"कावून? आमच्याकडं मयताच्या घरी केकच नेतात. रिकाम्या हातानं कसं जायचं?"

मी समजावून सांगितलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. डबा पिशवीत खोल सारला आणि उरलेली वाट त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरात चूल पेटली नव्हती. पाहुण्यांनी पिठलं-भाकरी आणली होती. आमच्याकडे अशा वेळी कडू घास देतात. दुखवट्यातल्या माणसाला कोणीतरी हाताने पहिला घास भरवायचा, मग ते माणूस अन्नाला लागतं. मुलीच्या मामाने घास पुढे केला, मावशीने केला. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. दोन्ही वेळा तिने मान हलवली.

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. "ताई, मी म्हटलं होतं ठेवा. माझी चूक हाय," एवढंच बोलता आलं. देवाची मर्जी वगैरे त्या काही म्हणाल्या नाहीत.

आईने भिंतीकडचं तोंड वळवलं. मग आईनेच विचारलं, "बाई, कूकरमधला केक तुमीच करता न्हवं? लेक लई सांगायची. आनला का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी डबा काढला. कोपऱ्यातून आजी ओरडली, "अगं, ग्वाड हाय ते! सुतकात ग्वाड?"

"तिला आवडायचं," आई म्हणाली. "कडू घास मला बाईच्या हातचा पायजे."

बाईंनी तुकडा मोडून तिला भरवला. आईने तो गिळला आणि मग तिने फोडलेला हंबरडा मला अजून ऐकू येतो. रडणं ओसरल्यावर तिने एक तुकडा बाईंना भरवला. निघताना म्हणाली, "धाकटी हाय माझी. जूनला आनते. तुमी असाल न्हवं?"

"हाय मी," बाई म्हणाल्या. डबा तिथेच राहिला.

येताना गाडीत बाई म्हणाल्या, "आज मला प्रार्थना करता आली न्हाई, सर. पन जूनला ती पोरगी येनार. माझं काम काय ते आता मला कळलं. आवाज आला न्हाई तरी चालंल."

मे महिन्यात बाईंना देशात राहायची परवानगी वाढवून मिळाली नाही. कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, बाईंनी आणि आम्हीही. कारण कोणी सांगितलं नाही. जायच्या आदल्या दिवशी बाईंनी मला वस्तीवर नेलं. घराला कुलूप होतं, माणसं कुठेतरी कामावर गेलेली. बाई ओट्यावर दिवस कलेपर्यंत बसून राहिल्या.

जूनमध्ये आई आली. धाकटीचं बोट धरून, तिच्या केसांना तेल लावून, नवी रिबीन बांधून. बाई कुठं दिसत नाहीत म्हणून इकडेतिकडे बघू लागली. मी सांगितलं, बाईंना जावं लागलं. तुमच्या घरीही येऊन गेल्या.

"कावून?" आईने विचारलं.

इतकी वर्षं मराठी शिकवतो, पण मला एक शब्द सापडला नाही. पोरीला इथे ठेवा, आम्ही आहोत, असं मी म्हणालो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं होतं तसंच. मग पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला.

"बाईचा हाय. रिकामा देत न्हाईत म्हनून लाडू घातलेत."

आणि पोरीचं बोट धरून ती एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. धाकटी वळून वळून शाळेकडे बघत होती. डबा अजून कोमट होता.