घाट उतरणारी गाडी

जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणं हा माझा धंदा. काल एक बाई गाडी न्यायला आल्या. गरोदर लेकीला मागे बसवून त्यांनी विचारलं, "ब्रेक नीट आहेत ना, दादा? घाट उतरायचाय."

"मी स्वतः बसवलेत, ताई. निर्धास्त जा."

गाडी वळणाआड गेली आणि ब्रेक खरंच नीट बसवलेत ना, ही भीती मला लागली. विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ती येतेच. आपल्याच हातांवर आपला किती कमी विश्वास असतो! दुपारी कुठून तरी रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला, तसा न राहवून मी फोन लावला.

"ताई, घाट उतरलात?"

"हो, खाली चहाला थांबलोय." मग त्यांचा आवाज बदलला. "का हो? गाडीत काही आहे का?"

"छे, काही नाही," मी म्हणालो. पण माझी भीती आता त्यांच्या शेजारी जाऊन बसली होती, आणि त्यांचं गाव अजून लांब होतं.