लावणाऱ्यानं ओढू नये

विमानतळावर नोकरी करते म्हटलं की आमच्या रिठदच्या बायका आधी माझ्या ओठांकडं बघतात. लाली कुठं आहे, असा त्यांचा प्रश्न असतो. मग मला सांगावं लागतं की मी विमानात चहा देत नाही, विमानाखाली काम करते. बेंगळुरूला तंत्रज्ञ आहे. चाकं, तेल, दिवे आणि विमानाच्या पोटाशी असलेली सामानाची दारं, हा माझा प्रांत. हे ऐकलं की त्यांचे चेहरे पडतात. "म्हंजे मिस्त्रीच ना वं तू?" असं एकीनं विचारलंही होतं. मिस्त्रीच. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, पण त्यांना फार वाटतो.

सामानाच्या दाराबद्दल मला कुणी म्हणता कुणी विचारत नाही, आणि मला तर तेच सांगायचं असतं. माणसं ज्या दारातून चढतात ते बहुतेक विमानांत चौकटीला आतून टेकतं. वर आभाळात बाहेरची हवा विरळ आणि आतली दाबून भरलेली, त्यामुळं आतली हवाच त्या दाराला चौकटीवर रेटून धरते. कुणी वेड्यानं वर गेल्यावर उघडायचं ठरवलं तरी त्याच्या हातून उघडत नाही. सामानाच्या दाराचं तसं करता येत नाही. ते आत उघडलं तर तेवढी जागा दारालाच जाणार, मग बॅगा काय डोक्यावर घेऊन बसायचं? म्हणून आमच्या विमानांत ते बाहेरच्या बाजूला, वर उघडतं. बिजागऱ्या वरच्या काठाला, आकडे खालच्या काठाला. म्हणजे प्रवासभर आतली हवा त्या दाराला बाहेर ढकलत असते आणि सगळी भिस्त त्या आकड्यांवर.

आकडे आपणहून सुटू नयेत म्हणून त्यांच्यावर पुन्हा अडसर असतात. आकडे पुरते बसल्याशिवाय अडसर फिरत नाहीत, आणि अडसर फिरल्याशिवाय बाहेरची मूठ विमानाच्या अंगात सपाट बसत नाही. मूठ वर राहिली तर समजायचं, आत काहीतरी अडलंय. तिथं गुडघा लावून ती बसवायची नसते, दार पुन्हा उघडून काय अडलंय ते बघायचं असतं. काही विमानांना जोडीला एक लहानशी झडप असते. दार नीट लागलेलं नसलं तर ती उघडीच राहते, मग विमानात दाबच भरत नाही. शिवाय दारात हाताच्या अंगठ्याएवढ्या खिडक्या असतात, त्यांतून बॅटरी मारून अडसर जागेवर आलेत का ते पाहता येतं. आणि वर वैमानिकासमोर दिवा असतो तो वेगळाच.

हे सगळं मी एकदा सुट्टीत मायला सांगितलं. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजे फाळकाच."

फाळकाच. मी पोट धरून हसले, कारण दाराचं सगळं शास्त्र तिनं तुरीच्या सुपात टाकलं होतं.

माझे बाबा गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. आमचंही थोडं वावर होतं, सोयाबीन व्हायचं. ते आमच्याकडच्या मालेगावच्या बाजारात न्यायचं असलं की मालक ट्रॉली द्यायचा. ट्रॉलीचा मागचा फाळका म्हणजे खाली पडणारं लोखंडी पान. दोन बाजूंना कड्या, कड्यांत खिळी, आणि खिळी उसळून निघू नये म्हणून तिला तारेचा वेढा. पोत्यांचा सगळा रेटा त्या पानावर. मी लहान असताना मला शाळा बुडवून पोत्यांवर बसून मालेगावला जायला मिळायचं. तिथल्या हॉटेलातली गरम भजी आणि परतताना रिकाम्या ट्रॉलीचा खडखडाट, यापुढं मला अजून कोणताही प्रवास गोड वाटत नाही.

मी जन्मायच्या आधीची गोष्ट आहे. बाबांनी एकदा फाळका लावला, स्वतःच हलवून पाहिला, आणि निघाले. मालेगावच्या अलीकडच्या उतारावर तो पडला. पोती फुटली, सोयाबीन डांबरावर पसरलं. माय आणि बाबा दिवसभर ते पदरानं आणि टोपीनं गोळा करत बसले. बाबा सारखे म्हणत होते, "मी लावला होता ना! हलवून पाह्यला होता ना!" तेव्हा माय म्हणाली, "लावणाऱ्याच्या हाताले आपलं लावणं खरंच वाटते. लावणाऱ्यानं ओढू नये. दुसऱ्यानं ओढावं."

तेव्हापासून आमच्या घरात तो कायदा झाला. बाबांनी फाळका लावायचा आणि बाजूला व्हायचं. माय मागं जायची, दोन्ही हातांनी कडी धरून अंगाचा भार टाकून ओढायची. बाबा ट्रॅक्टरवरून विचारायचे, "ओढलं का?" माय म्हणायची, "ओढलं." मग बाबा म्हणायचे, "मंग चाला." हे तीन बोल झाल्याशिवाय चाक हलायचं नाही. पुढं तो कायदा फाळक्यापुरता राहिला नाही. गोठ्याची साखळी, पाळण्याची गाठ, लोणच्याच्या बरणीचं झाकण, सगळ्याला लागू. विहारात वंदनेला निघतानासुद्धा बाबा घराला कुलूप लावायचे आणि पांढरं पातळ नेसलेली माय ते खस्सकन ओढायची. शेजारपाजारचे हसायचे. "कुलूप तुटीन एखांद्या दिवशी," म्हणायचे. आम्ही कुणाच्या हसण्याला भीक घातली नाही.

बेंगळुरूत पहिल्यांदा मला शिकवलं की काही कामं एकानं करायची आणि तपासायची दुसऱ्यानं, तेव्हा वर्गात मला इतकं घर आठवलं की डोळे भरून आले. बाजूच्या मुलाला वाटलं मला विषय जड जातोय. त्यानं मला त्याचे कागद देऊ केले.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि माय दाराशी बसली होती.

त्यानंतर मायनं गाव सोडलं नाही. लग्नाला नाही, मातीला नाही, माझ्याकडं तर नाहीच. शेजारच्या काकू फोनवर सांगायच्या, "बसस्टॉपलोक जाते तुही माय, अन् वापस येते. कुलूप लागलं का नाई थे पाह्याले." मी चिडायचे. एवढ्या तेवढ्यावरून मी चिडते, माझा नवराही सांगेल. पण मला कळत होतं. लावायला तिचेच हात आणि ओढायलाही तिचेच.

मग यंदा ती मोरीत पडली. कमरेला मार लागला, हाड वाचलं. काकूंना दुपारी ताक मागायला यायची बुद्धी झाली म्हणून, नाहीतर ती तशीच पडून राहिली असती. त्या दिवशी मी ठरवलं, आता हिला घेऊनच यायचं. पुन्हा पडली आणि काकूंना ताक नको असलं तर?

मी गेले. तीन दिवस भांडले, गोड बोलले, उपाशी बसले. माय एकच म्हणे, "तुह्या बापाचं घर उघडं टाकून येऊ का?" उघडं कशाला, कुलूप लावून ये, म्हटलं. चौथ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच पिशवी भरली. मी जास्त बोलले नाही. दही लागत असताना भांडं हलवू नये, हे तिनंच शिकवलेलं.

नागपूरच्या विमानतळावर जायला भाड्याची गाडी सांगितली होती. ड्रायव्हर घाईचा, हॉर्नवर हॉर्न. मी पिशव्या डिकीत ठेवत होते, तोवर माय कुलूप लावून गाडीत येऊन बसलीसुद्धा. मला वाटलं, झालं, सुटले एकदाची.

मालेगाव येईपर्यंत ती बाहेर बघत होती. बाजारापाशी ट्रॅक्टर उभे होते, ट्रॉल्यांचे फाळके पडलेले. तिनं माझं मनगट धरलं.

"गाडी थांबव. मले उतरू दे."

"काहून?"

"मीच लावलं. मीच ओढलं."

गाडी बाजूला घ्यायला लावली. परत रिठदला जाऊन यायचं तर विमान चुकणार हे ड्रायव्हरनंच सांगितलं. आणि मला माहीत होतं, विमान चुकलं तर ही पुन्हा पिशवी भरणार नाही. मी काकूंना फोन लावला. वाजत राहिला. काकू वावरात आणि फोन घरात चार्जिंगला, हे नेहमीचं. मी पुन्हा पुन्हा लावला. माय दाराच्या मुठीवर हात ठेवून बसली होती.

"माय, पुढं समृद्धीवर चढलो की मधूनच वळता येत नाई. आत्ताच सांग. तुले जायचं असंन तं मी तुह्यासंग वापस येतो. पण मले लई भेव वाटते वं तुह्यं. तू अठी एकटी पडून राहशीन अन् मले फोन येईन."

मी हे रडत म्हणाले की ओरडत, आठवत नाही. तिनं मुठीवरचा हात काढला. म्हणाली, "चाल बापा." पण त्यानंतर कारंजा गेलं, वर्धा गेलं, तरी घराची किल्ली तिच्या मुठीत होती. विमानतळावर तपासणीला किल्ली ट्रेमध्ये ठेवा म्हणाले, तेव्हाही तिची नजर ट्रेवरून हलली नाही.

विमानात मी तिला उजवीकडची खिडकी दिली. बॅगा चढत होत्या. पट्ट्यावरून सरकत सरकत एक एक आत जात होती, आणि सामानाचं दार पंखासारखं वर उघडलेलं होतं. माझ्या नोकरीतलं दार ती पहिल्यांदा बघत होती. मी दाखवलं, "थेच. फाळका."

पट्टा मागं गेला. एका पोरानं दार खाली आणलं, मूठ आत बसवली आणि तो चालू लागला. माय ताठ झाली.

"त्यानं लावलं. ओढलं कोणं?"

तेवढ्यात दुसरा एक जण आला. दाराच्या खालच्या काठाशी वाकला, बॅटरी मारून एकेका खिडकीत पाहिलं, मुठीवरून तळवा फिरवला, आणि पुढं उभ्या असलेल्या माणसाकडं बघून अंगठा वर केला. तो वाकला तेव्हा आम्हाला त्याची फक्त पाठ दिसत होती. मायनं पदर तोंडाला लावला. दोन वर्षांत मी तिला माणसांसमोर रडताना पाहिलं नव्हतं. त्या पाठमोऱ्या अनोळखी माणसाकडं बघून ती रडली.

फोन बंद करा अशी सूचना सुरू झाली आणि माझा फोन वाजला. काकू.

"अवं, वावरात होती मी. किती फोन तुहे! काय झालं?"

"काकू, आधी आमच्या दारापाशी जा. कुलूप ओढून पाहा."

"येवढ्यासाठी?"

"जा ना वं काकू!"

मी फोन मायच्या कानाशी धरला. चपलांचा आवाज आला, कुठलंसं कुत्रं भुंकलं. मग कडी वाजली. आमच्याच दाराची, तो आवाज मी शंभर कड्यांत ओळखेन. काकूंनी एकदा ओढलं, आणि मग, का कोण जाणे, अंगाचा भार टाकून आणखी एकदा.

"ओढलं वं माय," काकू म्हणाल्या.

एक हवाई सुंदरी येऊन फोनकडं बोट दाखवत उभी राहिली, मी तिला हातानं थांबवलं. मायनं मूठ उघडली. किल्लीचे दाते तळव्यात उमटले होते. किल्ली तिनं माझ्या हातात दिली, समोर बघितलं, आणि बाबा ट्रॅक्टरवरून म्हणायचे तशी मोठ्यानं म्हणाली, "मंग चाला."

पुढच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. मी बघू दिलं.