ब्लॉकवर उरलेली चंद्री

“आणिक एक काढा की ताई. ठसा हाय न्हवं तुमच्याकडं?” बापू माझ्या शाहूपुरीतल्या स्टुडिओच्या दारात उभे राहून विचारत होते.

बापू दूधकट्ट्यावर त्यांची चंद्री म्हैस घेऊन यायचे. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळता ग्लास हातात द्यायचा, हा त्यांचा रोजचा धंदा. मी प्रिंटमेकर. रस्त्यावर दिसतं ते लिनोवर कोरते. लिनो म्हणजे रबरासारखी मऊ शीट. कोरलेला भाग कोरा राहतो, उरलेल्यावर शाई लावून कागद दाबायचा. तो कागद उचलताना जो आनंद होतो, त्याची मला अजून सवय झालेली नाही. कट्ट्याचं चित्र करताना तर तहानभूक विसरले होते. पिवळे दिवे, ग्लास घेऊन उभी माणसं, मध्ये काळीभोर चंद्री आणि तिची धार काढत बसलेले बापू.

पन्हाळ्यावरच्या एका रिसॉर्टनं सगळी एडिशन घेतली. एडिशन म्हणजे एका चित्राच्या ठरवून काढलेल्या सगळ्या प्रती. त्यांना एक्सक्लुझिव्ह हवं होतं, म्हणून मी स्वतःची ट्रायल कॉपीही देऊन टाकली. कौतुकानं हुरळले होते, दुसरं काय.

आता गुडघ्यांमुळे बापूंना बसून धार काढणं जमेना. चंद्री त्यांनी कसबा बावड्यात विकली होती. रिकाम्या गोठ्यात चित्र लावायचं होतं.

मी रिसॉर्टच्या मॅनेजरला फोन केला.

“मॅडम, सगळ्या फ्रेम होऊन रूममध्ये लागल्यात,” तो म्हणाला. “आता कुठल्या रूमची भिंत रिकामी करू?”

ब्लॉक, म्हणजे ती कोरलेली लिनो शीट, माझ्याकडे होता, पण काम रिडक्शनचं होतं. म्हणजे सगळे रंग एकाच ब्लॉकवरून. पांढरं ठेवायचं ते आधी कोरून टाकायचं, मग पिवळा छापायचा. पिवळं ठेवायचं ते कोरायचं, मग तपकिरी. शेवटी काळा. दर रंगाला ब्लॉक थोडा संपत जातो, मागे फिरता येत नाही. हे सगळं बापूंना समजावलं.

“उरलंय तेवढं काढा,” ते म्हणाले.

काळी शाई लावली, प्रेस फिरवला, कागद उचलला. दिवे नव्हते, माणसं नव्हती. चंद्री मात्र शिंगांसकट अख्खी आली होती. तिच्या पोटाशी माणसाच्या आकाराची कोरी जागा होती. बापूंची पांढरी पैरण मी सगळ्यात आधी कोरली होती. त्यांचा चेहरा आणि हात तपकिरी होते, तेही नंतर गेले होते.

बापूंनी त्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवलं.

“उलटं झालं की ताई. हितं ती ऱ्हायली, मीच न्हाय.”

मला फार वाईट वाटलं. नवीन कोरून देते म्हटलं, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. ओल्या शाईचा कागद दोन्ही हातांवर आडवा धरून ते जपून जिना उतरले.

हल्ली मी सौद्याआधीच एक कॉपी चित्रातल्या माणसासाठी बाजूला ठेवते. क्लायंट थोडे कुरकुरतात, पण ऐकतात. रिसॉर्टवाल्यांनीही ऐकलं असतं. मी विचारलंच नव्हतं.