पुराव्याचा डबा

आता हे कुठल्या तोंडानं सांगू, तेच कळत नाही. पत्रकारितेत आयुष्य गेलं, दुसऱ्यांच्या भानगडी चव्हाट्यावर आणल्या. या वेळी चव्हाट्यावर मीच उभा होतो, मुरबाडला, ऐन बाजाराच्या दिवशी, हातात पुरावा घेऊन.

सुरुवात झाली क्रिएटिनपासून. व्यायामशाळेतली पोरं पाण्यात ढवळून पितात, ती पांढरी पावडर. तिच्याविरुद्ध मी पूर्वी दणदणीत लेख लिहिला होता. बायकोनं तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. पण हल्ली वाचनात येऊ लागलं की ही पावडर फक्त पहिलवानांची राहणार नाही. उतारवयात झिजणारे स्नायू, विसरभोळेपणा, यांवर तिचा काही उपयोग होतो का, हे तपासणं चालू आहे. आणि माझी अवस्था अशी, की शहापूरच्या तहसील कचेरीचा जिना चढताना मध्येच थांबून कुणाला तरी फोन लावल्याचं नाटक करावं लागतं. म्हटलं, नवा लेख लिहू, पण आधी स्वतःवर प्रयोग.

मुरबाडला नवं दुकान टाकलेल्या जितूनं पुडा देताना बजावलं, "काका, पहिलं डॉक्टरला विचारा. यानं जादू होत नाय. थोडा व्यायाम पण करा."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

घरी प्रश्न आला लपवण्याचा. बायको शेणवे गावची, जिभेला धार. पुडा दिसता तर तिनं माझाच लेख मला मोठ्यानं वाचून दाखवला असता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या आळीत वाण म्हणून स्टीलचे डबे वाटले होते, सगळे एकसारखे. त्यातला एक रिकामा शोधला, पावडर ओतली आणि कोनाड्यात मागे सारला.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चमचाभर पाण्यात. कितीही ढवळा, तळाशीच बसायची. दाताखाली कचकच. पण काय सांगू, आठवडाभरात जिना न थांबता चढलो. एका जुन्या ग्रामसेवकाचं विसरलेलं नाव चहा पिताना झटकन आठवलं. लगेच लेख लिहून पाठवला: 'हे मी स्वतः अनुभवतो आहे.'

आणि पोट दुखायला लागलं. साधं नाही, आतून कुणी पाटा-वरवंटा फिरवतंय असं.

मी घाबरलो. काय गिळलं मी? मग संतापलो. भेसळ, दुसरं काय? संपादकाला फोन केला, "तो लेख थांबवा. मोठी बातमी येतेय." डबा मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलो. रस्त्यातला प्रत्येक खड्डा पोटाला कळत होता.

जितूच्या दुकानात गर्दी होती. पाड्यावरची एक आजी लेकीला घेऊन आलेली, तसलाच पुडा तिच्या हातात.

"आजी, तो खाली ठेवा. जीव प्यारा असेल तर."

आजीनं पुडा ठेवला. लोक मागे सरकले. जितूचा चेहरा उतरला. नवं दुकान, त्यात बाजाराचा दिवस.

"काका, सीलबंद पुडा दिला तुमाला."

मी डबा त्याच्या काउंटरवर पालथा केला. "मग हे काय आहे?"

त्यानं चिमूट बोटांत चोळली. "हा माल आमचा नाय."

"पकडलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. थांब, अन्न खात्यालाच फोन लावतो."

फोन काढला, तोच वाजला. बायको. मला ऐकू कमी येतं, म्हणून माझा फोन कायम स्पीकरवर.

"अवो, कुठं हाय तुमी? माझा रांगोळीचा डबा नेलात का?"

मागे सरकलेले लोक पुन्हा पुढे आले.

"कोनाड्यातला, मागचा," ती म्हणाली. "तुमी मुरबाडवरून आलात ना, त्या संध्याकाळी मी कोनाडा झाडला. तवाच डबे मागंपुढं झाले असतील. पुढच्या डब्यातली पूड रांगोळी म्हणून रोज दारात घालते मी, पण बोटातून रेघच सरळ पडत नाय. कसली आणलीत ही?"

मी फोन बंद केला. उपयोग नव्हता.

आजीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रांगोळी प्यालास तू, बाबा?"

"आजी, मी आठवडाभर जिना..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"जिना चढलास? रांगोळी पिऊन?" तिनं पुडा परत उचलला. "मंग जितू, दे मला खरी. मी माहुली गड चढून येते."

"आजी, तू पण आधी डॉक्टरला विचार," जितू म्हणाला. मग माझ्याकडे वळला, "आणि काका, तुमी आत्ताच्या आत्ता चला."

त्यानंच मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी पोट दाबून पाहिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि काय पोटात गेलं ते लिहून घेताना पेन दोनदा खाली ठेवलं.

संध्याकाळी घरी आलो. दाराच्या पायरीवर वाकडंतिकडं कमळ होतं, अस्सल क्रिएटिनचं. पायरी चढताना गुडघा करकरला. पायरी मात्र ठणठणीत होती.